सहावी सूचना सोडून

मी गोड नाही. कधी नव्हते. आणि तू छापून मोकळी झालीस, 'धक्क्यावरच्या सामानघरात एक गोड आजी बसते, तिला काहीही विचारा.' लोक येतात आणि खरंच काहीही विचारतात. परवा एक टकला माणूस खिडकीतून डोकं आत घालून म्हणाला, "गोड आजी त्या तुम्हीच का?" मी म्हटलं, "ती मेली. मी तिची बहीण. बॅग ठेवायची असेल तर ठेवा, नाहीतर डोकं बाहेर काढा."

मंगळवार, तारीख बारा.

भिंगरीस आजीचा आशीर्वाद. तू बरी असशील. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. घरचे सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तेही लिहिते.

पुस्तक तू काही पाठवलं नाहीस. एका बाईच्या बॅगेच्या खिशातून ते सामानघरात पडलं आणि ती तशीच निघून गेली. मोठं अक्षर मला वाचता येतं. 'दोन दिवस बेटावर, एक रात्र शहरात', आणि खाली तुझं नाव. आपल्या घरातलं नाव छापलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. दोनदा वाचलं, कारण मला वाटलं मीच चुकतेय. आतलं बारीक अक्षर शाळेच्या बाईंनी वाचून दाखवलं. दोन दुपारी गेल्या त्यात. बाई मधेमधे हसत होत्या. मी हसत नव्हते.

बेटासाठी तू सात सूचना दिल्या आहेस. एकेक घेते.

पहिली. सकाळची बोट घ्या आणि डाव्या बाजूला बसा, देखावा छान दिसतो. अगं, सकाळी डाव्या बाजूला ऊन थेट डोळ्यांत येतं आणि लाट अंगावर. देखावा कसला पाहतात, लोक डोळे मिटून आणि भिजून उतरतात. तीन हंगाम तू त्याच बोटीवर तिकिटं फाडलीस. फाडताना एकदा तरी मान वर केली होतीस का?

दुसरी. एकच बॅग आणा. बरोबर आहे. पण केवढी, ते लिहायचं राहिलं. लोक एकच आणतात आणि ती कपाटाएवढी असते. फळीवर चढवायची कोणी, मी?

तिसरी, धक्क्याच्या पायऱ्या निसरड्या आहेत, रबरी तळव्याचे बूट घाला. ही चांगली लिहिलीस. स्वतः आपटली होतीस म्हणून लक्षात राहिलं.

चौथी वाचून मात्र मी कपाळावर हात मारला. हॉटेलात उतरू नका, बेटावरच्या कुठल्याही निळ्या दारावर थाप मारा, खोली मिळेल. ती निळ्या दारांची घरं तू असताना होती. दोन वर्षांपूर्वी सगळ्यांनी रंग बदलले, आता निळं दार एकच उरलंय आणि ते दवाखान्याचं आहे. लोक बॅगा घेऊन दवाखान्यात जातात आणि समुद्राकडची खोली मागतात. कंपाउंडर म्हणाला, "आजी, तुमच्या नातीला सांगा, माझ्याकडे दोनच खाटा आहेत आणि दोन्हीवर जुलाबवाले."

पाचवी. बेटावरची माणसं गप्पिष्ट आहेत, बिनधास्त बोला. कोण गप्पिष्ट आहे? जाळी विणणारी? ती सकाळपासून कोणाशी बोलत नाही, कारण तोंडात सुतळी असते. तिच्यासमोर चार-चार माणसं बसून फोटो काढतात आणि म्हणतात, "सांगा ना तुमच्याबद्दल काहीतरी." तिने सुतळी काढून एकदा सांगितलं. ते छापता येणार नाही.

सातवी. शेवटची बोट पाचला सुटते, साडेचारला रांगेत उभे राहा. ही बरोबर आहे. ही चुकली असती तर तुझे कान धरले असते.

आता शहराचं. तिथे मला बोट ठेवायला जागा नाही. पोटात काही असल्याशिवाय नाचायला जाऊ नका. आठच्या आत पोहोचलात तर रांग लागत नाही. गाणारे खरे चांगले गुरुवारी असतात, शनिवारी नुसती गर्दी. पेला हातातून खाली ठेवू नका, ठेवलात तर तो परत उचलू नका. चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवा. कोणत्या गल्लीत रिक्षा मिळते, कोणत्या गल्लीत दिवे नसतात, कोणत्या दारावरचा दरवान मुलींना नीट बाहेर सोडतो. सगळं पायाने मोजून लिहिलंयस. मी त्या शहरात अकरा वर्षं नाचघराचे पेले धुतलेत. रात्री लोक जे हसले ते मी सकाळी राखेसकट घासून काढलं. मला फसवता येणार नाही. शहराचं एकेक पान तू चालून लिहिलंस.

आणि बेटाचं फोनवर लिहिलंस.

चार वर्षं तू इथे पाऊल ठेवलं नाहीस. पुस्तकात मात्र लिहितेस, 'मी जेव्हा जेव्हा बेटावर जाते'. कधी जातेस? स्वप्नात? न येण्याचं कारण मला माहीत आहे आणि तुलाही. इथे यायचं तर तुझ्या बापाच्या बोटीत बसावं लागतं, दुसरी बोट नव्हती. तू गेलीस त्या दिवशी त्याच्याच बोटीचं तिकीट काढून गेलीस, परक्या बाईसारखं रांगेत उभं राहून. आणि त्यानेही ते घेतलं आणि फाडलं. कोणी कोणाला हसावं तेच मला कळलं नव्हतं. त्याला वाटलं होतं तू बोट चालवायला शिकशील. तुला पाण्याचा वासही नको होता. एवढं साधं होतं. पण दोघंही असे, की एकाने तोंड फिरवलं की दुसऱ्याने पाठच फिरवायची.

बाकी उद्या लिहिते. हात दुखतो.

बुधवार.

शाळेच्या बाई आत्ता डोकावून गेल्या. काल लिहिलेलं त्यांना दाखवलं, शुद्धलेखनासाठी. त्या म्हणाल्या, "आजी, पाचवीनंतर एकदम सातवी घेतलीत." मी म्हटलं, "मला मोजता येत नाही." त्या म्हणाल्या, "सामानाचे दीडशे बिल्ले बिनचूक मोजता." मग त्या गेल्या.

तर सहावी. तू लिहिलंयस ते इथे उतरवते, म्हणजे तुझं तुला दिसेल. 'धाकटीवर चालत जाण्याची मजा चुकवू नका. आधी सामानघरातल्या गोड आजीला विचारा, पाणी सुटलं का? ती हो म्हणाली की बूट हातात घ्या आणि वाळूवरून निघा.'

वाचणाऱ्याला धाकटी म्हणजे काय हे तू आधीच्या पानावर सांगितलंस, समोरचं लहान बेट, ओहोटीला मधली वाळू उघडी पडते ते. ते ठीक. पण पाणी सुटलं म्हणजे काय, हे तुला कोणी सांगितलं?

अगं, पाणी उतरतं, मग पाणी बसतं. बसलं की जायचं असतं. आणि सुटलं म्हणजे उठून निघालं, इकडे, तुझ्या अंगावर. भरती लागली. पाणी सुटलं ही इथे ओरडून सांगायची गोष्ट आहे, वाळूवर कोणी असेल तर त्याने परत फिरावं म्हणून. वारा सुटतो तेव्हा येतो की जातो? नळाला पाणी सुटलं म्हणजे बादली खाली लावायची की उचलायची? तोंडाला पाणी सुटलं म्हणजे तोंड कोरडं पडलं का?

हे सगळं मी बाईंना तावातावाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजी, शाळा सुटली की मुलं जातात. आणि बोट पाचला सुटते असं तुम्हीच म्हणता." तेही खरंच. तू सतरा वर्षांची होईपर्यंत आईपाशी शहरात वाढलीस, ती गेल्यावर इथे आलीस, आणि तीन हंगामांत जेवढं कानावर पडलं तेवढंच तुझ्यापाशी आहे. तुला वाटलं, पाणी सुटलं म्हणजे पाणी निघून गेलं, जागा मोकळी झाली. वाटू शकतं. तेवढी सूट देते. पण विचारायचं होतंस.

विचारलं होतंस, हे मला आठवतं. हंगामाच्या आधी तुझा फोन आला होता. "आजी, धाकटीवर चालत कधी जातात गं? पटकन सांग, मला आज पान द्यायचंय." मी चादरी पिळत होते. मी म्हटलं, "पाणी सुटलं की नाही ते बघून." आणि फोन ठेवला. आणखी दोन वाक्यं बोलले असते तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण मी रागावले होते. वाळूचं विचारलंस, बोटीची वेळ विचारलीस, खोल्यांचं विचारलंस. बाप कसा आहे हे विचारलं नाहीस. म्हणून मी फोन ठेवला. ती माझी चूक आणि ती मी लिहून देते.

आता पुढचं. घरचे सगळे बरे आहेत असं काल लिहिलं ते खोटं आहे.

तीन तारखेला, रविवारी, दोन बहिणी आल्या. दोघी नर्स, वर्षातून मिळालेली एक जोडून सुटी. थोरली तिशीची, धाकटी पंचविशीची असेल. बॅगा ठेवल्या, बिल्ले घेतले. धाकटीच्या हातात तुझं पुस्तक होतं, बोट घालून ठेवलेलं. दुपारचे अडीच वाजले होते. तिने मला विचारलं, "आजी, पाणी सुटलं का?"

मला इतकं बरं वाटलं. इतक्या वर्षांत कोणी बाहेरच्याने आमच्या शब्दात विचारलं नव्हतं. मला वाटलं, शहाण्या पोरी आहेत, आता जाऊ नये हे त्यांना कळतंय, खात्री करून घेतायत. मी म्हटलं, "हो, सुटलं की. मघाशीच." ती थोरलीला म्हणाली, "बघ, वेळेवर आलो." आणि गेल्या. मी मान खाली घालून बॅगेला बिल्ला बांधत होते. कुठे गेल्या ते पाहिलं नाही.

हो म्हणाले ती मी. दुसरं कोणी नाही. हे एक वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

जाळीवालीने पाहिलं. सुतळी थुंकून ओरडत आली. तोवर त्या अर्ध्या वाळूवर होत्या आणि दोन्ही बाजूंनी पाणी चढत होतं. तुझ्या बापाने बोट काढली. वाळूपाशी बोट जात नाही, रुतते, म्हणून त्याने कंबरेला दोर बांधून उडी टाकली. थोरली एका दगडावर छातीभर पाण्यात उभी होती. धाकटीचा पाय मधल्या खोल पट्ट्यात गेला होता. त्याने आधी तिला ओढली, मग थोरलीला. धाकटीच्या पोटात बरंच पाणी गेलं होतं, दोन दिवस मोठ्या दवाखान्यात ठेवली, आता घरी आहे. जिवंत आहे. हे आधी लिहायला हवं होतं, तू घाबरली असशील. घाबर थोडी.

तुझ्या बापाचा उजवा खांदा निखळला. बसवलाय, पण हात वर जात नाही. सदरा मी घालून देते. पन्नास वर्षांचा घोडा, माझ्यासमोर लहान पोरासारखा हात पुढे करून उभा राहतो आणि वर मलाच म्हणतो, "जपून."

धक्क्यावर बंदर अधिकारी आला. नवा आहे, पलीकडच्या किनाऱ्याचा, आमचे शब्द त्यालाही कळत नाहीत. त्याने विचारलं, "या वेळेला यांना जायला कोणी सांगितलं?" थोरलीचे दात वाजत होते. तिने बोलायच्या ऐवजी बहिणीचं ते पुस्तक वर केलं. तुझ्या बापाने ते तिच्या हातातून घेतलं. "द्या इकडे, भिजलंय," असं म्हणून सदऱ्याच्या आत घातलं. मग म्हणाला, "मी सांगितलं, साहेब. वेळ चुकली माझी."

मी तोंड उघडलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आई, त्यांच्या बॅगा आण." आणि मी गेले, भिंगरी. बॅगा आणायला गेले. जन्मभर कोणाच्या बापाने सांगून मी गप्प बसले नाही, आणि त्या दिवशी स्वतःच्या पोराने सांगितलं म्हणून बसले. परत आले तोवर त्याने कागदावर सही केली होती आणि त्या दोघींना दवाखान्याच्या लाँचमध्ये घातलं होतं. त्यांना कोणी काही विचारलंच नाही.

त्याचा परवाना कचेरीत जमा आहे. बोट धक्क्याला बांधलेली आहे. शेजारच्या बेटाची बोट आता फेऱ्या मारते, तिचा माणूस लोकांना उजव्या बाजूला बसवतो, तेवढं त्याला कळतं. बावीस तारखेला, शुक्रवारी सकाळी अकराला, चौकशी आहे. परवाना कायमचा जाईल असं सगळे म्हणतात. मग तो काय करणार? त्याला दुसरं काही येत नाही. त्याला जमिनीवर नीट चालतासुद्धा येत नाही, पाय फाकवून चालतो.

मी त्याला म्हटलं, "खोटं का बोललास?" तो म्हणाला, "तू बोललीस तर सामानघर जाईल. तिचं नाव निघालं तर तिचं पुस्तक जाईल. माझा एकच परवाना आहे, जाऊ दे." मी म्हटलं, "फार मोठा आलास." तो म्हणाला, "आई, हळू. खांदा दुखतो." बोलण्याने कोणाचा खांदा दुखतो?

ते भिजलेलं पुस्तक त्याच्यापाशीच आहे. दुपारी जेवण झालं की खाटेवर बसून वाचतो. पानं फुगून एकमेकांना चिकटलीत, तो डाव्या हाताने सुरीच्या टोकाने एकेक पान सोडवतो. बेटाची पानं त्याने दोनदा उलटली आणि सोडून दिली. शहराची पानं हळूहळू वाचतो. काल विचारत होता, "आई, इतक्या उशिरापर्यंत ती एकटी फिरते का गं?" मी म्हटलं, "मला काय माहीत, मला ती फक्त वाळूचं विचारते." मग तो म्हणाला, "दरवानाचं मात्र नीट लिहिलंय." आणि पुन्हा सुरी घेऊन बसला.

सोमवारी तो झोपला होता तेव्हा मी कचेरीत गेले. अधिकाऱ्याला सांगितलं, "हो म्हणाले ती मी." शब्दाचा अर्थही सांगितला, वारा, नळ, सगळं. तो हसला. वाईट नाही हसला. म्हणाला, "आजी, मुलासाठी कोणतीही आई हे म्हणेल. त्याने लिहून दिलंय. तुमच्याकडे दाखवायला काही आहे का?" माझ्या पिशवीत ते दुसरं पुस्तक होतं, सामानघरात पडलेलं. सहाव्या सूचनेपाशी मी बिल्ल्याची दोरी घालून ठेवली होती. हात पिशवीत गेला आणि तिथेच राहिला. मी काढलं नाही. का ते ऐक. त्यावर तुझं नाव आहे. तुझ्या पाठीमागे ते त्याच्या टेबलावर ठेवणं मला जमलं नाही. ते तुला ठेवायचं आहे.

शनिवारी आणखी लोक येतील, पुस्तक हातात घेऊन. तोवर पुस्तक छापणाऱ्या तुझ्या मालकाला सांगून ती सूचना काढ, दुकानातल्या प्रतींवर चिठ्ठी चिकटव, जे करता येईल ते कर. मी वाळूच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसते. पाय सुजतात. कोणी विचारलं पाणी सुटलं का, तर मी आता हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, काठी आडवी धरते. लोकांना वाटतं म्हातारीचं डोकं फिरलंय. वाटू दे.

ये. एकवीस तारखेची, गुरुवारची सकाळची बोट घे. तुझ्या बापाच्या बोटीत बसायला नको होतं ना, आता त्याची बोटच नाही, मग तुला काय अडचण आहे? खोली झाडून ठेवते. बापाशी काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी मधे पडणार नाही. फार तर चादर पिळायला त्याचा दुसरा हात म्हणून उभी राहा, त्याला एका हाताने जमत नाही.

आणि मालकाचं पत्र पाठवू नकोस, माफीचं छापील कार्ड पाठवू नकोस, मला फोन करून रडू नकोस. बावीस तारखेला अकराला अधिकारी पुन्हा तोच प्रश्न विचारील, कोणी सांगितलं. तुझा बाप घसा खाकरील, मी ओळखते त्याला. त्याच्या आधी तू उभी राहायचंस आणि ते पान कसं लिहिलंस ते सांगायचंस. तुझ्यानंतर मी सांगीन. उत्तर आपण दोघींनी द्यायचं. त्याने द्यायचं नाही.

तुझ्या बापाची आई